अवजारांच्या रांगेतला पंख

त्याला सगळ्यांनी खेळणं म्हटलं. नवऱ्यानं म्हटलं, जावेनं म्हटलं, शेजारच्या बाया हाल विचारायला यायच्या त्याही जाताना तेच म्हणून जायच्या. मला त्या शब्दाचा इतका राग यायचा की आज लिहायला बसले तर पहिला तोच शब्द पुढे आला. मी आंजीजवळच्या एका गावची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरची बाई. बोलणं माझं वऱ्हाडी. लिहिताना शाळेतल्या बाईंनी शिकवलेलं मराठी येतं आणि संताप झाला की माझं येतं. दोन्ही मिसळणार. मिसळू द्या.

आधी हाताचं सांगते, कारण हाताशिवाय ही गोष्टच नाही. उन्हाळ्यात पालक कापत होते. डाव्या मुठीत पालक, उजव्या हातात विळा. हे आयुष्यभर केलेलं काम, डोळे मिटूनही केलं असतं. त्या दिवशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोणीतरी हाक मारली, मी मान वळवली आणि विळा पालकाऐवजी तळहातात शिरला. बोटं वळवणाऱ्या शिराच तुटल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, आणि खालून जो हात निघाला तो माझा वाटेना. बोटं अर्धवट वळायची आणि तिथंच अडायची. कप धरला की पडायचा. सगळे म्हणायचे, बरं झालं बाई, डावाच हात होता.

डावाच. अरे, जुडी कोणत्या हातानं धरतात, कधी पाह्यलं का? मेथीची जुडी बांधायची तर डाव्या हातात काड्या सारख्या करून घट्ट धराव्या लागतात, तेव्हा उजवा हात केळीचं सोपट, म्हणजे खोडाच्या सालीची दोरी, गुंडाळून त्याला पीळ देतो आणि टोक आत खोचतो. डाव्यानं सोडलं की उजव्याला काही अर्थ नाही. मी जुडी धरायची आणि मेथी हातातून सुटून पायावर पडायची. घरातले सगळे तेव्हा दुसरीकडे पाहायचे, आणि ते पाहणं मला मेथी पडण्याहून वाईट वाटायचं.

आंजीच्या आठवडी बाजारात कडूलिंबाच्या खाली आमची जागा आहे. आधी सासूबाई बसायच्या. त्यांचे गुडघे गेले तशी मी बसू लागले. हात कापल्यावर धाकटी जाऊ बसू लागली. तिनं काही वाईट केलं नाही, उलट झटपट काम करणारी पोरगी आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलते. तेच तर मला खुपायचं. ती बाजारातून परत आली की आज कोण आलं, कोणी काय विचारलं ते सांगायची आणि मी ओट्याशी बसून माझ्याच बाजाराच्या बातम्या ऐकायची.

दवाखान्यातून एक रबरी चेंडू दिला होता. तो दाबायचा. सकाळी दाबायचा, दुपारी दाबायचा. मी खाटेवर बसून चेंडू दाबत राहायची आणि माझ्यासमोर अख्खं घर कामाला लागलेलं असायचं. एके दिवशी मी तो चेंडू अंगणात फेकला, कुत्र्यानं उचलला, आणि मी तो परत आणायला गेले नाही.

आमची पोरगी नागपूरला शिकते. तिच्या कॉलेजात छोटी विमानं बनवणाऱ्या पोरापोरींचा एक गट होता, त्यात ती काही दिवस गेली आणि मग तिचं मन उडालं. तिथला एक खोका तिनं सुट्टीत घरी आणून कपाटावर टाकला होता. मी तो काढून पाहत होते, एवढंच. आत पांढुरक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या होत्या. कापसाच्या पऱ्हाटीची वाळली काडी हलकी असते म्हणतो आपण, पण हे लाकूड हातात घेतलं तर काही घेतलं आहे असंच वाटेना. शिवाय एक मोठा कागद, त्यावर पंखाचं चित्र, खऱ्या मापाचं, शिवणकाम करणाऱ्या बाईकडे ब्लाउजच्या कापणीचा असतो तसा. मी पोरीला फोन लावून विचारलं, हे काय आहे.

"आई, त्याले हात लावजो नको," ती म्हणाली. "बाल्सा हाय थे. बोटानं दाबलं का तुटते. तुले नाई जमणार."

बस. हे तिनं म्हणायला नको होतं. माझ्या माहेरी म्हणायचे, हिला नको म्हटलं की हिनं केलंच समजा. मी फोन ठेवला आणि खोका पुढ्यात ओढला.

नव्या फ्रिजसोबत आलेला थर्माकोलचा मोठा तुकडा घरात पडून होता, त्यावर चित्राचा कागद पसरला. वरून साडीची पारदर्शक पिशवी कापून लावली, म्हणजे डिंक सांडला तर लाकूड कागदाला चिकटू नये. हे पोरीनंच नंतर सांगितलं, कारण चार फोनांनंतर तिला कळलं की आई ऐकणार नाही, तर निदान नीट तरी करू दे. पंखाला मागून-पुढून दोन लांब पट्ट्या, मधून एक कणा, आणि आडव्या बरगड्या. बरगड्या पातळ पाटीवर मशीननं कापूनच आलेल्या असतात, नखानं हलकं ढकललं की सुट्या व्हायला पाहिजेत.

पहिली तुटली. दुसरीही तुटली. डाव्या हाताची बोटं एक तर धरायचीच नाहीत, आणि धरली तर जीव घेतल्यासारखी धरायची. किती जोर लागतो आहे हे बोटं मला सांगतच नव्हती. बाल्साचं लाकूड मात्र लगेच सांगायचं. चेंडूचं तसं नव्हतं. चेंडू कसाही दाबा, तो काही बोलत नाही. इथं थोडा जास्त जोर झाला की कट्‌ आवाज यायचा आणि बरगडी संपली. मी रडले. रागानं रडले, दुःखानं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण नवऱ्यानं ते दुःख समजून खोका उचलून घेतला होता.

"ठेव ना थे," ते म्हणाले. "लेकराचं खेळणं हाय. कायले जिवाले त्रास करून राह्यली?"

"ठेवा खाली," मी म्हटलं. त्यांनी ठेवला. माझा आवाज त्यांना ओळखीचा आहे.

तुटलेल्या बरगडीच्या बदल्यात उरलेल्या पाटीतून नवी कापायची असते. चांगली बरगडी वर ठेवायची, ब्लेडनं तिच्या कडेकडेनं जायचं, मग पॉलिश पेपरनं घासून सारखी करायची. उजवा हात ब्लेड चालवायचा, डाव्यानं नुसतं धरून ठेवायचं. नुसतं. या नुसत्यात माझा पावसाळा गेला. बाहेर चिखल, भेंडी तोडायची गडबड, वखर-डवऱ्याच्या गोष्टी, आणि मी दारातल्या उजेडात बसून अंगठा आणि पहिल्या बोटात एक पातळ बरगडी उभी धरून डिंक वाळायची वाट पाहत असायची. बोटं थरथरायची. थरथरू द्या म्हणायची मी, सोडू नका. टाचणी लाकडात टोचायची नसते, लाकूड फाटतं. दोन्ही बाजूंनी दोन टाचण्या तिरप्या रोवून मधे त्याला उभं ठेवायचं. आपल्याकडे टमाट्याच्या रोपाला दोन काड्यांचा आधार देतात, तशी रीत.

शेजारची एक बाई आली, तिनं ते पाहिलं.

"नातवाले आणलं का वं?"

"पोरीचं लग्न व्हायचं हाय अजून."

"मंग कोनासाठी?"

"मायासाठी. मलेच पाह्यजे."

ती पदराला हात पुसत बसली. तिला वाटलं हातासोबत माझं डोकंही गेलं. गावात ती तसं बोललीही, मला कळलं. बोल म्हटलं, बाई, तुझी जीभ तरी धडधाकट आहे.

पंखाचे दोन अर्धे भाग तयार झाले आणि मधे जोडले, दोन्हीकडची टोकं थोडी वर उचललेली. त्याच सुमाराला जागेचा विषय निघाला. जेवताना नवऱ्यानं काढला, अगदी सहज, भाजी वाढ म्हणावं तसा.

"दिवाळीपासून बाजाराची जागा धाकटीलेच देऊन टाकू. तिचा हात बसला आता. तू घरी राह्यजो, आराम करजो."

जाऊ ताटाकडे पाहत होती. दीर तिच्याकडे. सासूबाई भिंतीला टेकून भात कालवत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत.

"मले इचारलं कोणी?" मी म्हटलं.

"अवं, तुयाच भल्यासाठी बोलून राह्यलो. जुडी बांधता येते का तुले?"

येत नव्हती. सकाळीच वाड्यामागे कोणी नसताना बांधून पाहिली होती आणि मेथी पडली होती. पण आराम हा शब्द माझ्या अंगावर पाल पडल्यासारखा पडला. आराम म्हणजे काय, तर तू आता मोजणीतून गेली. उद्या कोणी गिऱ्हाईक विचारेल, त्या बाई कुठं गेल्या हो, आणि जाऊ गोड आवाजात सांगेल, घरी असतात, आराम करतात.

"दसऱ्यानंतरच्या बाजाराले मीच बसीन," मी म्हटलं आणि ताट उचललं. बांधता येते असं म्हटलं नाही. खोटं बोलायची माझी तयारी नव्हती, हटायचीही नव्हती.

मग पंखावर कागद चढवला. पतंगाच्या कागदाहून पातळ कागद, पाणी घातलेला डिंक बोटानं बरगड्यांवर लावायचा आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून ताणत बसवायचा. दोन्ही हातांनी. उजव्या बाजूला मस्त बसला, डाव्या बाजूला सुरकुत्या राहिल्या. पोरगी म्हणाली, राहू दे, शेवटी त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारतात, वाळताना कागद आपोआप ताणतो. पण पंख पाटावर नीट दाबून, वजन ठेवून मग पाणी मारायचं, नाही तर वाळताना पंख पिळतो. "थे मी दिवाळीले येऊन करीन," ती म्हणाली. "तू पाण्याजवळ नेजो नको त्याले." मी पंख कोठीवर ठेवला, उंदीर लागू नये म्हणून वरून सूप उपडं घातलं.

दसऱ्याच्या सकाळी मी वावरातून झेंडूची फुलं तोडून आणली. अंगणात येते तर सासूबाईंनी अवजारं मांडली होती. धुऊन पुसून रांगेत ठेवलेली. नांगराचा फाळ, डवरा, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, नवऱ्याची मोटरसायकल. आणि पंपाला टेकून, उन्हात, माझा पंख.

ओला. कागदावरून पाण्याचे थेंब ओघळत होते. आंब्याच्या पानानं तांब्यातलं पाणी शिंपडलं होतं, तेही हात आखडता न घेता, आणि वर हळद-कुंकवाची पाच ओली बोटं उठली होती. कागद ढिला पडून बरगड्यांमधे झोळी झाली होती.

माझ्या हातातली फुलं खाली पडली. या वेळी हातामुळे नाही.

"माय, त्याच्यावर पाणी काऊन टाकलं?"

"काऊन म्हणजे?" त्या नांगराच्या फाळाला कुंकू लावत होत्या, वळल्याही नाहीत. "आंघोय घातल्याबिगर पूजा होते का?"

"त्याची पूजा करायले कोणी सांगतलं तुमाले?"

तेव्हा त्या वळल्या. आमच्या सासूबाई फार बोलत नाहीत. जेवणाच्या वेळी जागेचा विषय निघाला तेव्हाही बोलल्या नव्हत्या, आणि मी ते मनात धरून ठेवलं होतं, की ज्यांची जागा त्याच गप्प बसल्या.

"आज अवजाराची पूजा हाय," त्या म्हणाल्या. "सगळ्यायचं मांडलं. तुयं काय मांडू? विळा मांडू? विळ्यानं त तुले कापलं. पावसाळाभर पाहून राह्यली मी. उठली का तू हेच घेऊन बसली, हात यानंच चालून राह्यला तुया. मंग अवजार नाई त काय हाय हे?"

मोटरसायकलला हार घालत असलेला नवरा हसायला लागला. "खेळण्याची पूजा," असं काही तरी म्हणाला.

"गप रे," सासूबाई म्हणाल्या.

माझं काम नासलं होतं आणि ते नासवणाऱ्या बाईनंच त्याला कोणी दिला नव्हता तो मान दिला होता. मला राग आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. फुलं गोळा केली, एक फूल पंखावर ठेवलं आणि आरती होईपर्यंत उभी राहिले.

ऊन चढलं तसा कागद वाळला आणि पोरीनं सांगितलं होतं तसा ताणला. टिचकी मारली तर डफासारखा वाजला. सुरकुत्या सगळ्या गेल्या. पण पंखाचा डावा भाग, जिथं जास्त पाणी पडलं होतं, तो पिळला. एका टोकाकडून पाहिलं की पुढची कड वर, मागची खाली. पोरीला फोनवर दाखवला तर ती आधी आजीवर चिडली, मग मलाच म्हणाली, आता एकच उपाय आहे. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळ, वाफेवर पंख धर, उलट्या बाजूला पीळ दे आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेव. हलू द्यायचा नाही. "पण आई, मी आली का करू. धरायचं काम हाय ना थे."

धरायचं काम आहे म्हणूनच.

सणाचा स्वयंपाक आटोपला होता. चुलीवर पाण्याचा गंज ठेवला. सासूबाई न सांगता जाळ लावायला बसल्या. जाऊ आली, म्हणाली, "ताई, मी धरीन एका बाजूनं." मी नको म्हटलं. उजव्या हातानं पंखाचं मूळ धरलं आणि डाव्या हाताच्या बोटांत टोक. जास्त दाबलं तर बरगडी जाणार, कमी दाबलं तर सुटून गंजात पडणार. वाफ मनगटावर आली. बोटं पोळत होती आणि मला ते कळत होतं, कुठल्या बोटाला किती ते वेगवेगळं कळत होतं. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. मी पीळ दिला. पंख थोडा वळला. आणखी थोडा. कट्‌ आवाज आला नाही. मग वाफेतून बाहेर काढून तसाच धरून उभी राहिले. डावा हात कोपरापर्यंत थरथरत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि जाऊ म्हणत होती, ताई, द्या ना, द्या ना. नाही दिला. लाकूड थंड झाल्यावरच मी हात सोडला, आणि तोही मी सोडला, हातानं आपणहून सोडला नाही.

पंख अगदी सरळ झाला म्हणणार नाही. थोडा पीळ आहे अजून. लोक विचारतात, उडालं का ते विमान. नाही उडालं. शेपूट बनवायची आहे, धड बनवायचं आहे. बनवीन मला वाटेल तेव्हा.

बाजाराच्या दिवशी पहाटे माल भरलेल्या ऑटोत जावेच्या शेजारी मी जाऊन बसले. नवरा दारात उभा राहिला.

"अवं, हात?"

"हातही सोबतच येऊन राह्यला," मी म्हटलं. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "जाऊ दे तिले." ते दारातून बाजूला झाले.

जाऊ माझ्या आधी उतरून कडूलिंबाखाली बारदान अंथरून बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, सरक. ती सरकली. पण पोरगी मनानं चांगली आहे, लगेच म्हणाली, "ताई, असं करू. जुड्या मी बांधीन, तुम्ही पैसे घ्या." सोय चांगली होती. घरी सगळ्यांना पटली असती, कोणालाच वाईट वाटलं नसतं. मी सोपटाच्या दोऱ्या तिच्या मांडीवरून उचलून माझ्यापुढे ठेवल्या.

पहिलंच गिऱ्हाईक जुन्या ओळखीची एक मास्तरीण. तिनं मेथी मागितली. मी काड्या सारख्या केल्या, डाव्या मुठीत घेतल्या, सोपट गुंडाळलं, पीळ दिला, टोक खोचलं. तिला देताना जुडी ढिली होऊन उकलली. मेथी पडली नाही, मुठीतच राहिली, पण जुडी काही राहिली नाही. मास्तरीण माझ्या हातावरचा व्रण पाहून कळवळली. "राहू द्या हो, तशीच टाका पिशवीत," ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड उघडून पुढे केलं. शेजारी जाऊचा हात दोरीकडे आला.

"थांबा," मी दोघींनाही म्हटलं आणि परत बांधायला घेतली. सावकाश. मागे दोन बाया येऊन उभ्या राहिल्या, त्यातली एक घड्याळ पाहत होती. मास्तरीण पिशवी उघडी धरून थांबली. न थांबून जाते कुठं, तिची मेथी माझ्या डाव्या हातात होती आणि हात ती सोडत नव्हता.